आधी कर्ता दाखवा

मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी मला एकच प्रश्न विचारला.

"'तो पाणी प्यायला' की 'त्याने पाणी प्यायले'?"

मी म्हटलं, "तो पाणी प्यायला."

"का?"

"सगळे तसंच बोलतात म्हणून."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. "उत्तर बरोबर, कारण लाजिरवाणं," म्हणाले, आणि मला ठेवून घेतलं. माझ्या आधी आलेल्या मुलाने म्हणे उलट प्रश्न केला होता, "कोण तो?" त्याला खाली पोचवायला सर स्वतः जिन्यापर्यंत गेले होते.

आमचं ऑफिस मीरा रोडला पूर्वेला, एका फरसाणाच्या दुकानाच्या वर. फोनवर जे छोटे छोटे मेसेज येतात ना, 'तुमची ऑर्डर निघाली आहे', 'अमक्याने तुम्हाला फोटो पाठवला', ते इंग्रजीतून मराठी, हिंदी आणि गुजरातीत आणायचं आमचं काम. कच्चं भाषांतर यंत्र करून द्यायचं. ते माणसासारखं वाटावं म्हणून आम्ही पाच-सहा माणसं दिवसभर यंत्रासारखी बसायचो. माणसाच्या नावाच्या जागी एक रिकामा चौकोन असायचा. त्यात पुढे कोणाचंही नाव येणार. सगळी भानगड त्या चौकोनाची होती. 'चौकोन'ने फोटो पाठवला. पण 'चौकोन' पासवर्ड विसरला, तिथे 'ने' नाही. 'चौकोन'ला बक्षीस मिळालं, तिथे 'ला'. यंत्राला हे कळत नसे. ते सगळ्यांना सरसकट 'ने' लावायचं आणि सरांचा रक्तदाब वाढवायचं.

सर आमचे शेवटचे तपासनीस. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही वाक्य बाहेर जात नसे. वय पासष्टच्या पुढे, भाईंदर पूर्वेला खारी गावात राहायचे, आणि रोज ऑफिसला चालत यायचे, कारण रिक्षावाले म्हणे त्यांच्याशी अशुद्ध बोलायचे. पूर्वी काय करत होते ते नक्की कोणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणायचं छापखान्यात होते, कोणी म्हणायचं कॉलेजात. त्यांनाच विचारलं तर म्हणत, "वाक्यं तपासत होतो." जन्मल्यापासून, असा एकूण सूर.

क्रियापदं आणि माणसं यांत त्यांना फारसा फरक वाटत नसे. ऑफिसातल्या सगळ्यांची त्यांनी वाटणी केली होती. काम करणारे ते 'ने'वाले. ज्यांना काम सुचतं, झेपतं, जमतं किंवा जमत नाही, ते 'ला'वाले. आणि जे नुसते येतात, बसतात, उठतात, जातात ते 'काही न लागणारे'. आमच्यातली एक जण एकदा "सर, मला कंटाळा आला," असं सहज म्हणाली. सर लगेच वळले. "या वाक्यात आलं कोण? कंटाळा. कर्ता तो आहे. तू नुसती त्याच्या वाटेत उभी आहेस." ती बिचारी दिवसभर स्वतःकडे संशयाने बघत होती.

कोणी काही केलं नाही, सगळं आपोआप झालं, अशा वाक्यांवर त्यांचा भारी राग. 'कप फुटला' म्हटलं की लगेच, "आधी कर्ता दाखवा." 'फाइल उडाली.' "आधी कर्ता दाखवा." काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, दुपारी फोन यायचा. सरांना कमी ऐकू येत असल्यामुळे तो आम्हालाही ऐकावा लागायचा.

"अहो, आज भाजी जरा करपलीय, सांभाळून घ्या."

"करपली नाही. करपवलीस. भाजी स्वतःहून करपत नाही."

"बरं," काकू शांतपणे म्हणाल्या. "उद्यापासून भाजी तुम्ही करा. मी नुसता प्रयोग बघते."

सरांनी फोन ठेवला आणि डबा संपवला. त्या विषयावर पुढे भाष्य झालं नाही.

'तो पाणी प्यायला'ला 'ने' का लागत नाही याची त्यांची स्वतःची उपपत्ती होती. नव्या माणसाला ती पहिल्या आठवड्यात ऐकावीच लागे. पिणं, शिकणं, विसरणं, या क्रियांमध्ये केलेलं बाहेर कुठे जात नाही, करणाऱ्याच्या आतच राहतं. पाणी पोटात, धडा डोक्यात. म्हणून असा कर्ता अर्धाच कर्ता, त्याला 'ने'चा मान नाही. सांगताना त्यांचा आवाज देवळात आल्यासारखा खाली यायचा.

मी विचारलं, "मग सर, 'त्याने भात खाल्ला' कसं? भातही पोटातच जातो की."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "भात चावावा लागतो." आणि निघून गेले.

खरं सांगायचं तर हा माणूस मला आवडायचा. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन उत्तर भारतातला, तिकडच्या पूर्वेच्या कुठल्याशा जिल्ह्यातला. एकदा पाण्याची टाकी भरून वाहू लागली तेव्हा तो म्हणाला, "हम नहीं देखे, साहब." सरांनी त्याला जागच्या जागी धरला. "मैंने नहीं देखा, बोलो."

"हमारे गाँव में 'ने' नहीं लगता साहब. हम खाए, हम देखे, हम सोए. सब बराबर."

मला वाटलं, आता याची नोकरी जाणार. पण सरांनी त्याचंच स्टूल ओढून घेतलं, खिशातली वही काढली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्याकडून वाक्यं वदवून घेतली. वर आले तेव्हा चेहरा लग्नघरातून आल्यासारखा. "मारणारा आणि झोपणारा एकाच वेशात!" आम्हाला सांगत सुटले. "त्यांच्याकडे ओळखूच येत नाही कोण काय करून आलाय." टाकी तोवर वाहतच होती.

आमचे मालक गुजराती. आम्ही त्यांना भाई म्हणायचो. मराठी चांगलं बोलायचे, घाई झाली की तिन्ही भाषा एकत्र यायच्या. सर त्यांना एकदा समजावत होते की गुजरातीतला 'हुं' काही काम केलं की 'में' होतो, हिंदीतल्या 'मैं'ला 'ने' चिकटतो, पण मराठीतला 'मी' मात्र 'मी आलो' म्हणा नाहीतर 'मी केलं' म्हणा, जसाच्या तसा.

"'त्याने' केलं, 'तिने' केलं, 'रमेशने' केलं. सगळ्यांना शेपूट. 'मी'ला नाही," सर अभिमानाने म्हणाले. "मराठी माणसाचा 'मी' कोणापुढे वाकत नाही."

भाई म्हणाले, "एटले, म्हणजे पकडायला पण काही मिळत नाही." आणि फोन घ्यायला बाहेर गेले. सरांना तो विनोद वाटला. भाई विनोद फारसे करत नसत.

मग ते हॉस्पिटलचं काम आलं. एका खासगी हॉस्पिटलला पेशंटच्या घरच्यांना फोनवर बातमी देणारं ॲप हवं होतं. ऑपरेशन सुरू झालं, संपलं, पेशंटला दुसरीकडे हलवलं, असे चाळीसेक मेसेज. प्रत्येकाला वर एक छोटा मथळा आणि खाली तपशील. आयसीयूतून साध्या वॉर्डात नेल्याचा जो मेसेज होता, त्याच्या मथळ्यात मी लिहिलं, 'चौकोन' यांना हलवले.

सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते कीबोर्डला हात लावत नसत. मागे उभं राहून सांगायचे आणि मी माझ्या नावाने उघडलेल्या खात्यात टाइप करायचे. हे रोजचंच होतं.

"हलवले? कोणी हलवले?"

"हॉस्पिटलने. वॉर्डबॉयने. कोणीतरी असेलच ना सर."

"ते वाक्यात आहे का? नाही. आधी कर्ता दाखवा. कर्ता लपवलेलं वाक्य म्हणजे चोराने लिहिलेलं पत्र. इथून तिथे कोण गेलं? पेशंट. मग तोच कर्ता. लिही, 'चौकोन' गेले."

माझा हात थांबला. "सर, 'गेले' म्हटल्यावर लोक काय समजतील?"

"खाली तपशील आहे. आयसीयूतून वॉर्डात."

"पण वर नुसतं 'गेले'..."

"लोकांना पुढची ओळ वाचता येत नाही, हा व्याकरणाचा दोष नाही. लिही."

मी लिहिलं. हेही सांगायला हवं, की मी लिहिलं. अजून थोडं भांडता आलं असतं. पण जेवायची वेळ झाली होती.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, उत्तनजवळच्या पालीत एका घरी फोन वाजला. मासेमारी करणारं घर. म्हातारे बाबा चार दिवस आयसीयूत होते. पास्कल त्यांचं नाव. त्यांच्या बायकोने फोन उचलून बघितला. फोन न उघडता पडद्यावर फक्त मथळा दिसत होता: पास्कल गेले.

पुढचा अर्धा तास त्या घरात काय झालं ते नंतर तक्रारीत आलं. शेजारपाजारचे जमले. एक जण घंटा वाजवायला सांगण्यासाठी चर्चकडे धावला. एकाने किनाऱ्यावर जाऊन मुलाची होडी सुटता सुटता थांबवली. मुलाने हॉस्पिटलला फोन लावला, तेव्हा नर्सने सांगितलं की बाबा वॉर्डात आहेत, पेज आवडली नाही म्हणून तक्रार करतायत.

दुसऱ्या दिवशी भाईंनी मला आणि सरांना आत बोलावलं. भाई ओरडले नाहीत. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

"हॉस्पिटलवाले विचारतात, हे कोणी बदललं. सिस्टममध्ये तुमचं नाव दाखवतंय," ते मला म्हणाले.

मी सरांकडे बघितलं. ते बोलतील याबद्दल मला शंकाच नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांतून कर्ते उपटून काढणारा माणूस. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला.

"संदेशात बदल झाला, हे खरं आहे," सर म्हणाले.

मी म्हटलं, "सर, बदल झाला की केला?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता ते महत्त्वाचं नाही. चूक घडलेली आहे. ती पुन्हा होऊ नये हे बघितलं पाहिजे."

मी भाईंना सांगितलं की सरांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. भाईंनी सरांकडे बघितलं. सर टेबलावरच्या कॅलेंडरचा महिना बरोबर आहे का ते तपासत होते. सर मला 'गेले' लिहायला सांगत होते तेव्हा बाहेर बसणाऱ्या बाकीच्यांनी सगळं ऐकलं होतं, पण त्यांना त्याच खोलीत उद्याही बसायचं होतं. संध्याकाळी भाईंनी हॉस्पिटलला कळवलं की संबंधित व्यक्तीला कामावरून कमी करण्यात आलं आहे. सरांनी ते पत्रही तपासून दिलं, असं मला नंतर कळलं. 'कमी करण्यात आलं'वर त्यांनी काही हरकत घेतली नाही.

संबंधित व्यक्ती घरी बसली. नवऱ्याने विचारलं, "तू त्यांच्या तोंडावर का नाही बोललीस?" मी बोलले होते, पण ते इतकं हळू असावं की मलाही नीट आठवत नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी सरांचा फोन आला. "पालीला जायचं होतं."

"कोणाला?"

"मला. पण एकट्याने जमेल असं वाटत नाही."

मी का गेले ते मला आजही धड सांगता येणार नाही. थोडा राग होता आणि थोडी गंमत बघायची होती. भाईंदर पश्चिमेहून आम्ही उत्तनची बस पकडली. मुर्धा, राई, मोर्वा, सगळी गावं मागे पडली. कंडक्टर म्हणाला, "तिकीट बोला," तेव्हा सरांनी त्याला सुधारलंही नाही.

पालीतल्या गल्ल्या अशा अरुंद, की समोरून स्कूटर आली की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. सरांच्या हातात बिस्किटांचा पुडा होता, तो ते ढालीसारखा छातीशी धरून चालले होते. घर विचारावं लागलं नाही. "जे गेले ते पास्कल?" असं म्हणून एका बाईने हसत दार दाखवलं. सगळ्या गावात त्यांचं आता तेच नाव पडलं होतं.

बाबा खुर्चीत बसले होते, पायावर चादर. म्हातारी आतून आली. आम्ही कुठून आलो ते मी सांगितलं. तिने आम्हाला बसायला सांगितलं नाही.

"ता कोनी लिवलं?" तिने विचारलं.

सरांनी घसा साफ केला. "बाई, त्या मजकुरामुळे आपल्याला जो त्रास झाला, त्याबद्दल आम्हाला मनापासून..."

"तरास मना म्हाईत हाय. कोनी लिवलं?"

मी गप्प राहिले. ठरवून. सर माझ्याकडे वळले, आणि मी दाराबाहेर वाळत घातलेल्या जाळ्याकडे बघू लागले.

"मी," सर म्हणाले. "मी लिहायला लावलं. ही नको म्हणत होती."

म्हातारी वळून आत गेली. मला वाटलं, आता काहीतरी घेऊन मारायला येणार. ती हँगरला लावलेला काळा सूट घेऊन आली. पाठीमागून कमरेपाशी टाचण्यांची रांग लावली होती.

"ह्याला शेवटचा घालायला यो मी काढून इस्त्री केला," ती म्हणाली. "त्याच्या आंगाला ढिला होनार, म्हनून पिना लावल्या. रडतही व्हती नि पिनाही लावत व्हती. बघ."

सरांनी सूट बघितला. त्यांना कुठे बघावं कळेना, म्हणून त्यांनी टाचण्या मोजल्यासारखं केलं.

बाबाच शेवटी हसले, आणि हसता हसता खोकले. "चांगला झालाय पन. नातीच्या लग्नाला ह्योच घालतो. पिना र्‍हाऊ दे." मग सरांना म्हणाले, "बस रं. उबा कवा र्‍हानार."

चहा मिळाला. बिस्किटं आम्हीच आणलेली, आम्हालाच दिली.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "सर, भाईंना कधी सांगणार?"

"सांगायला हवं," ते म्हणाले. "योग्य वेळ आली की सांगितलं जाईल."

मी पुढच्या स्टॉपवर उतरले. माझं घर तिथून बरंच लांब होतं. परक्या दारात हा माणूस 'मी' म्हणाला होता, आणि जिथे खुर्ची जायची भीती तिथे याची जीभ पुन्हा वळेनाशी झाली होती. पालीची म्हातारी त्यांच्यापेक्षा चांगली तपासनीस होती एवढंच.

सहा महिने गेले. मी घरून थोडंफार भाषांतर करत होते. सरांचा फोन नाही, काही नाही. मग एका सकाळी त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर हाताने लिहिलेल्या एका पत्राचा फोटो आला. भाईंच्या नावे लिहिलेलं. घड्या पडून पडून कागद मधोमध फाटला होता आणि तिथे चिकटपट्टी लावली होती.

'सदर संदेशातील बदल मी सांगितला. बैठकीत मी गप्प बसलो. या मुलीने मला हटकले होते. तिची नोकरी माझ्या भित्रेपणामुळे गेली. मी दिलगिर आहे.' खाली सही.

मी ते तीनदा वाचलं. डोळे भरून यायला हवे होते, पण माझं लक्ष शेवटच्या शब्दावर अडकलं. 'दिलगीर'मधला गी दीर्घ असतो. 'दिलगिरी'त तो र्‍हस्व. दिलगिरी सरांनी आयुष्यभर व्यक्त केली होती, तपासली होती, दुसऱ्यांच्या पत्रांत घालून दिली होती. स्वतः दिलगीर होण्याची वेळ पहिल्यांदाच आली असावी.

मी फोटोत त्या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि परत पाठवला. बाकी काही लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

दुपारी काकूंचा फोन आला. आम्ही त्याआधी कधी बोललो नव्हतो.

"काय पाठवलंस गं त्यांना? सकाळपासून टेबलावरून उठले नाहीत. जेवायलाही नाही."

"कशाला बसलेत?"

"तेच पत्र पुन्हा लिहितायत. ते जुनं खिशातून काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. धुवायच्या शर्टातून मीच दोनदा काढलंय. मला वाटलं होतं, कधीतरी पाठवतील भाईंना. तुलाच आधी पाठवलं होय? बघ, तिथेही तपासूनच घ्यायचं होतं त्यांना."

दुसऱ्या दिवशी नवीन पत्राचा फोटो आला. कोरा कागद, ठळक अक्षर, गी दीर्घ. आणि या वेळी तो ज्यांना पाठवला होता त्यांत भाई होते, हॉस्पिटल होतं आणि मी होते.

संध्याकाळी भाईंचा फोन. "सरांचं लेटर वाचलं. मी त्यांना बोललो, घरी बसा आता, वय पण झालं. ते बोलले, बरोबर आहे." मग एकदम कामाच्या आवाजात, "तुम्ही सोमवारपासून याल ना? तपासायला कोणीतरी पाहिजे."

मी नाही म्हणायला हवं होतं असं नवऱ्याचं मत होतं. सरांना फोन करून विचारावं असंही वाटलं. केला. काकूंनी उचलला, म्हणाल्या, "ते भाजी चिरतायत, नंतर बोलतील." नंतर ते बोलले नाहीत, आणि मीही पुन्हा लावला नाही.

सोमवारी गेले. मला सरांचं टेबल दिलं होतं. खुर्ची त्यांनी स्वतःच्या मापाने उंच करून ठेवलेली. मी बसले तर पाय जमिनीला टेकेनात. खाली करायचा दांडा कुठे असतो ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी मी तशीच, लोंबत्या पायांनी, संध्याकाळपर्यंत वाक्यं तपासली.